इस्तो-वही : एका तालुका वार्ताहराच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, राळेगाव

आज पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, म्हणून आम्हाला दरवर्षी शाल, नारळ आणि अर्ध्या तासाचं भाषण मिळतं. यंदाच्या पाहुण्यांनी पत्रकाराच्या लेखणीला ‘धगधगता निखारा’ म्हटलं. शेजारी बसलेला वार्ताहर कानात कुजबुजला, ‘खिशात ठेवला तर शर्ट जळन ना बे!’ हसू कसंबसं दाबलं, आणि प्रकल्पाचा विषय तिथंच पक्का झाला.

एम.ए. मराठी बहिःस्थ करतोय. वय बेचाळीस, पोटापाण्याला झेरॉक्सचं दुकान, आणि सोळा वर्षांपासून एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवतो. संध्याकाळी यवतमाळला सरांना फोन केला. त्यांनी विषयाला कोट-टाय घातला : ‘वृत्तपत्रीय मराठीतील अग्निवाचक शब्दांचा लाक्षणिक वापर’. मी वहीवर ‘इस्तो’ लिहिलं. आमच्याकडं विस्तवाला इस्तोच म्हणतात.

वहीचा नियम असा : पुढून लाक्षणिक आग, आणि वही उलटी करून मागून खरी आग.

९ जानेवारी

वाचनालयात बसलो. ‘ड’ वर्गाचं वाचनालय. पंखा एक, कपाटं तीन. जुन्या अंकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून माळ्यावर टाकलेले असतात. शिपाईकाकांनी शिडी धरली. ‘रद्दी विकली असती तर चहा तरी झाला असता,’ म्हणाले.

पहिल्याच तासात वहीची दोन पानं भरली. महागाईचा भडका. आरक्षणाचा प्रश्न पेटला. दरवाढीत सामान्य होरपळले. विरोधकांची आगपाखड. असंतोष धुमसतोय. गटबाजीची ठिणगी. संपाची झळ प्रवाशांना. आगीत तेल. खेळाच्या पानावर तर कोणाची बॅट आग ओकत होती. यातला निम्मा माल मी स्वतः पुरवलेला असणार.

मग वही उलटी केली. आज भंडाऱ्याला तीन वर्षं झाली. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. तिघं भाजून गेली आणि सात धुरानं गुदमरून, असं तेव्हा सांगितलं गेलं. इतकं लिहून पेन थांबला. पुढच्या पानांवरचे शब्द परत वाचले. भडका आहे, ठिणगी आहे, ज्वाळा आहेत. धूर कुठंच नाही. खऱ्या आगीत माणूस बहुधा धुरानं मरतो, आणि आमच्या लाक्षणिक आगीला धूरच नसतो. भाषेत धूर निघतो तोही सोन्याचा.

१५ जानेवारी, संक्रांत

बायको ओसरीवर तीळ पाखडत होती. सूप वर गेलं की तीळ उडतो, फोलपट वाऱ्यावर पुढं जातं, तीळ खाली येतो. मी ‘आगपाखड’ लिहिलेलं पान मांडीवर घेऊन बघत बसलो. ‘काय पाहून रायले?’ म्हणाली. म्हटलं, यात तिळाच्या जागी निखारे आहेत असं समज. ती म्हणाली, ‘मंग सुपासंगं माये हातही जळतीन.’

बरोबर आहे. सुपात निखारे घेऊन पाखडले तर पहिला चटका पाखडणाऱ्याला. शब्द ज्यानं घडवला त्यानं हे नक्की पाहिलं असणार. आम्ही मात्र ‘सरकारवर आगपाखड’ लिहितो तेव्हा नेता व्यासपीठावर गार उभा असतो, पाण्याची बाटली हाताशी.

‘आरोपांची राळ’ हाही असाच शब्द. राळ म्हणजे झाडाचा सुकलेला डिंक, त्याची पूड. जुन्या काळी रात्रीच्या सोंगांत राक्षस आला की मशालीवर चिमूटभर राळ फेकायचे; भपकन जाळ उठायचा, पोरं किंचाळायची, आणि क्षणात सगळं विझायचं. खालची मशाल तेवढी जळत राहायची. आरोपांसाठी यापेक्षा नेमका शब्द सापडणार नाही. पण आज राळ म्हटल्यावर कोणाला आग आठवते? डेस्कवरच्या एका पोराला विचारलं, तो म्हणाला, ‘राळ म्हणजे धूळ ना?’ (राळेगावचा राळेशी संबंध जोडायचा मोह आवरला. सर रागावतील.)

२८ जानेवारी

शेतात रोडग्यांचा, म्हणजे निखाऱ्यात भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचा, कार्यक्रम. गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, आणि पोरं भुकेनं ओरडायला लागली. जाळ चांगला कमरेएवढा होता. चुलत भाऊ रोडगे घेऊन पुढं झाला तर आजीनं हात धरला. ‘जाळावर नाई रे बावा. वरून कोयसा आन् आत पीठ. इंगय पडू दे.’ अर्धा तास बसलो. जाळ गेला, गोवऱ्यांचे लालबुंद इंगळ राहिले, वर राखेची साय धरली. मग रोडगे गेले, वरून पुन्हा राख ओढली.

‘राजकीय पोळी भाजून घेतली’ हा वाक्प्रचार मी आजवर किती वेळा वापरला असेन! आणि नेहमी चुकीच्या जागी. आंदोलनाचा भडका उडाला की कोणी तरी पोळी भाजतो असं आम्ही लिहितो. भडक्यावर काहीच भाजत नाही. पोळी भाजणारा येतो ते भडका बसल्यावर, निखारे पडल्यावर. आणि तेव्हा वार्ताहर घरी गेलेला असतो.

जेवण झाल्यावर आजीला दुसरा शब्द विचारला : ‘दोघांत विस्तव जात नाही.’ पेपरात विस्तव हा शब्द आता एवढ्यापुरताच उरलाय, दोन आमदारांमधल्या भांडणापुरता. आजी म्हणाली, ‘जात नाई म्हंजे देतघेत नाई. आमच्या टायमाले काडीपेटी कोनाच्या घरी रोज रायची? सकायी शेजारनीच्या चुलीवर जाचं, गोवरीचा तुकडा धराचा, त्याच्यावर इस्तो घ्याचा, पदरानं वारा आडवत घरी आनाचा. भांडन झालं त बोलनं बंद हो, इस्तो बंद नोहे. इस्तो बंद झाला म्हंजे मंग खरंच बंद.’

मला वाटायचं, विस्तव म्हणजे भांडण. अर्थ बरोबर उलटा निघाला. विस्तव या घरातून त्या घरात जाणं हाच शेजार होता. एवढ्या शब्दांत आग माणसं जोडणारी असलेला हा एकच सापडला, आणि तोही नकारातच जिवंत आहे.

३ फेब्रुवारी

डेस्कवरच्या उपसंपादकांशी फोनवर बोललो. मथळे आम्ही देत नाही, तेच देतात. विचारलं, सारखं ‘पेटला’ का? ‘तीन अक्षरं आहेत,’ म्हणाले. ‘तुम्ही पाठवता : अमक्या प्रश्नावरून दोन गटांत तीव्र मतभेद निर्माण झाल्याचे चित्र. माझ्याकडं जागा दोन कॉलमची. रात्री साडेदहाला पान सोडायचं असतं. तुम्हीच सांगा.’ मी काय सांगणार!

८ फेब्रुवारी

सरांकडं पहिलं टिपण. त्यांनी लाल पेनानं एकच शब्द लिहिला : लक्षणा. मग फोनवर अर्धा तास. रूढी लक्षणेत मूळ अर्थ पुसला जातो. ‘कुशल’ म्हणजे हात न कापता कुश गवत तोडणारा. आज आपण शल्यविशारदाला कुशल म्हणतो, गवत कोणाला आठवत नाही. प्रयोजनवती लक्षणेत मात्र बोलणाऱ्याच्या मनात हेतू असतो. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हणायचं ते त्या वाडीचा गारवा आणि पावित्र्य सुचवायला.

म्हटलं, सर, मग ‘महागाईचा भडका’ ही रूढी. आणि ‘इंधन दरवाढीचा भडका’ लिहिणारा गालातल्या गालात हसला असणार, ते प्रयोजन. सर म्हणाले, पहिल्यांदा लिहिणारा हसला असेल. आता तोही रूढीत गेला.

१६ फेब्रुवारी

टिपेश्वरला जाऊन आलो. अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटर, पांढरकवड्याजवळ. ओळखीचे वनरक्षक भाऊ आहेत. कालपासून त्यांचा आगीचा हंगाम सुरू झाला. १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा पूर्ण करायच्या असतात. जंगलाच्या कडेनं आणि रस्त्यांच्या बाजूनं गवताचा पट्टा कापायचा, वाळू द्यायचा आणि आपणच जाळून टाकायचा, म्हणजे उद्या आग आली तर तिला पुढं खायला काही मिळत नाही. काळा पट्टा अजून गरम होता. चपलेच्या तळव्याला कळत होतं.

मी वहीतलं ‘बातमी वणव्यासारखी पसरली’ दाखवलं. ते म्हणाले, ‘पसरतो बरोबर आहे. पण तुमच्या पेपरातला वणवा आपोआप लागते. आमचा कधीच आपोआप लागत नाही.’ मार्चमध्ये मोहफुलं गळायला लागतात. फूल पाचोळ्यात हरवतं, म्हणून वेचणारा झाडाखालचा पाचोळा जाळतो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून कोणी जाळतो. कोणाची बिडी असते. कोणी धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत पेटवतो आणि ते हाताबाहेर जातं. वीज पडून उन्हाळ्यात जंगल पेटलं असं त्यांच्या नोकरीत घडलेलं नाही. १९२७ च्या वन कायद्यात राखीव जंगलाला आग लावणं हा गुन्हा आहे, कलम २६. नाव मात्र क्वचितच सापडतं.

बोलता बोलता त्यांचा मोबाइल वाजला. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाचा इशारा येतो, अक्षांश-रेखांशासकट. एक ठिपका म्हणजे पावणेचारशे मीटरचा चौकोन. या वेळी निघालं कोणाच्या तरी शेतातली पऱ्हाटी (कापसाची वाळली झाडं) जाळल्याचं. पण तोवर दोन वनमजूर पाठीवर ब्लोअर बांधून मोटरसायकलवर निघालेसुद्धा होते. ‘उपग्रह सांगते कुठं पेटलं,’ भाऊ म्हणाले. ‘कोनं पेटवलं थे पायाले पायानं जा लागते.’

परतीच्या एसटीत हेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

२९ फेब्रुवारी

चार वर्षांतून एकदा येणारा दिवस सत्कारणी लागला. मोठीचा उद्या दहावीचा मराठीचा पेपर. रात्री व्याकरण घोकत होती. ‘प्रयोजक क्रियापद : कर्ता स्वतः क्रिया न करता दुसऱ्याकडून करवून घेतो. हसणे, हसवणे. पळणे, पळवणे.’ मी सहज म्हटलं, पेटणे? ती वर न बघताच म्हणाली, ‘पेटवणे. भडकणे, भडकवणे. विझणे, विझवणे. बाबा, मला वाचू द्या.’

उठून वही आणली. पुढची पानं पहिल्यापासून तपासली. वाद पेटला. प्रश्न पेटला. आंदोलन भडकलं. संताप उसळला. असंतोष धुमसतोय. ठिणगी पडली. पडली! पाडली नाही. जवळपास सगळीकडं क्रियापद अकर्मक. आगीला कर्ताच नाही. आम्ही लिहितो तो प्रत्येक वाद टिपेश्वरच्या उपग्रहावरच्या ठिपक्यासारखा : कुठं ते कळतं, कोणी ते नाही.

खरं तर कर्ता बातमीत असतो. चौथ्या परिच्छेदात असतो. अमक्यानं सभेत तमकं विधान केलं, त्याचा व्हिडिओ तमक्यानं रात्री फिरवला. नावगाव, वेळ, सगळं. पण मथळ्यात फक्त ‘पेटला’. आणि वाचणारे मथळा वाचून उलटतात, हे दुकानात रोज बघतो.

सरांना रात्री पावणेअकराला मेसेज केला. उत्तर आलं : ‘आता प्रकल्प सुरू झाला.’ त्याखाली दुसरं : ‘पेपर कसा गेला ते उद्या कळवा.’

१२ मार्च

जिनिंगवर, म्हणजे कापसाची सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात त्या कारखान्यात. बाजार समितीची एक किरकोळ बातमी होती, ती लवकर आटोपली आणि मुकादमाजवळ बसलो. प्रेसमधून गाठी बाहेर पडत होत्या, एकेक १७० किलोची, पट्ट्यांनी आवळलेली. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, तो मशीनमध्ये अडकला की ठिणगी उडते. ठिणगी दिसली तर भीती नाही. रुई तिथंच भुरकन जळते, पोरं पाणी मारतात. भीती न दिसलेल्या ठिणगीची. ती रुईबरोबर दाबून गाठीत जाते. आत हवा नाही, म्हणून जाळ नाही. गाठ बाहेरून पांढरीशुभ्र. ट्रकमध्ये चढते, गोदामात जाते, आणि काही दिवसांनी पट्टी तोडली की आतून काळी निघते, नाहीतर हवा लागताच पेट घेते.

‘कळतं कसं?’ विचारलं. मुकादमानं माझा हात धरून एका गाठीवर ठेवला, मग दुसऱ्या. ‘हातानं. नाकानं. जुना गडी वासावर सांगते.’

धुमसणे म्हणजे हे. बाहेर काही दिसत नाही, कोणी तरी हात लावून बघावं लागतं. आम्ही ‘कर्मचाऱ्यांत असंतोष धुमसतोय’ लिहितो ते त्यांनी निवेदन दिल्यावर, मोर्चा काढल्यावर, रस्त्यावर टायर जाळल्यावर. तोवर गाठ फुटलेली असते. धुमसत असताना मी कधी हात लावून पाहिला होता का? एकदाच. २०१९ साली, एका वसतिगृहाच्या जेवणाबद्दल. ती बातमी छापली गेली नाही, कारण ‘अजून काही झालेलं नाही’ असं उत्तर आलं होतं.

२५ मार्च, धुळवड

हात रंगलेले, म्हणून थोडक्यात. कर्ता असलेला एक शब्द सापडला. होळी. ‘कार्यकर्त्यांनी परिपत्रकाची होळी केली.’ इथं कर्ता ठणठणीत, पहिल्याच शब्दात. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. कोणी केलं हे सगळ्यांना माहीत आहे, कारण करणाऱ्यांना ते माहीत व्हायलाच हवं होतं. आजही परिपत्रकाची होळी झाली की संध्याकाळी फोटो येतो आणि फोटोबरोबर छत्तीस नावांची यादी. एक नाव सुटलं तर दुसऱ्या दिवशी दुकानावर माणूस हजर. म्हणजे ज्याला काडी ओढल्याचं श्रेय हवं तो कर्ता होतो, नको असेल त्याच्या वाट्याला अकर्मक क्रियापद येतं.

१८ एप्रिल

आमच्या जिल्ह्याची गंमत. यवतमाळ जिल्हा एक, पण लोकसभेला तीन मतदारसंघांत वाटलेला. वणी आणि आर्णी चंद्रपुरात, तिथं उद्या, १९ ला मतदान. राळेगाव यवतमाळ-वाशीममध्ये, उमरखेड हिंगोलीत. ती दोन्ही २६ ला. आज जिल्हा पानावर मथळा : प्रचाराच्या तोफा थंडावल्या. अंकाच्या दुसऱ्या बाजूला आमच्या इकडच्या सभेत कोणी तरी तोफ डागत होतं.

२५ एप्रिल

प्रचाराच्या तोफा थंडावल्या. आठ दिवसांत तेच पान, तेच तीन शब्द. कात्रणं शेजारी शेजारी चिकटवली. फॉन्टही तोच.

४ मे

आजची नोंद लिहायला दोन दिवस लागले.

दुकानात एक बाई आल्या. शेजारच्या गावच्या, नवरा नाही, साडेतीन एकर कोरडवाहू. पंचनाम्याची झेरॉक्स हवी होती. कागद देताना पिशवीतून पेपर काढला, घडी घातलेला. माझी बातमी वर होती. ‘कुटाराच्या ढिगाला अचानक आग, शेतकरी महिलेचे नुकसान’. तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार, दोन बैलांची पावसाळ्यापर्यंतची बेगमी. ती बातमी मी फोनवर घेतली होती, जागेवर न जाता. पोलिसात नोंदही ‘आकस्मिक जळीत’ अशीच होती.

‘भाऊ, हे तुमीच लिवलं ना?’

हो म्हटलं.

‘शेजाऱ्यानं धुरा पेटवला. भर दुपारी, हवा चालू असताना. पेटवला आन् जेवाले घरी गेला. धुऱ्यावरून आग कुटारात आली. त्यानं धुरा पेटवला, हवेनं कुटार. मंग अचानक कशी?’

(धुरा म्हणजे आमच्याकडं शेताचा बांध. पुण्याकडच्या वाचकाला ‘पक्षाची धुरा’ आठवेल.)

मी तिला सांगायला लागलो की नाव छापता येत नाही, गुन्हा दाखल नाही, पुरावा लागतो. हे खोटं नव्हतं. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंडविधानाचं कलम ४३५ होतं, नुकसान करायच्या इराद्यानं लावलेल्या आगीचं. सात वर्षांपर्यंत शिक्षा. इतर मालमत्तेला शंभर रुपये नुकसानीची अट, शेतमालाला फक्त दहा रुपये. कायदा करणाऱ्यांना शेतातला माल किती सहज पेटतो आणि गरिबाला किती लागतो ते ठाऊक होतं. पण शेजाऱ्याचा इरादा होता असं तीही म्हणत नव्हती. निष्काळजीपणा होता. ‘लावली’ लिहिलं असतं तर मीच कोर्टात गेलो असतो. ‘लागली’ लिहिलं ते माहीत नसल्याचा प्रामाणिकपणा, असं मी स्वतःला समजावू शकलो असतो.

पण ‘अचानक’? तो शब्द पंचनाम्यात नाही. ठाण्याच्या नोंदीत नाही. तिनं सांगितला नाही. तो माझा. हात वळणावर गेला आणि पडला. ‘बाजूच्या धुऱ्यावरील गवत पेटवले असता आग पसरून’ एवढं लिहिता आलं असतं. नाव नाही, खटला नाही, आणि जे घडलं ते तसंच.

डेस्कला खुलाशासाठी फोन केला. ‘एवढ्याशा बातमीचा खुलासा छापत नाही,’ उत्तर आलं. झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी ते गल्ल्याच्या काचेवर ठेवले आणि गेल्या.

ही नोंद वहीत कुठं घालायची कळेना. आग खरी, म्हणून मागून. पण दोष लाक्षणिक पानांवरचाच आहे : ‘पेटला’, ‘भडकला’ लिहून लिहून हाताला सवय झाली, आणि खरी आग समोर आली तेव्हाही हातानं कर्ता गाळला. दोन्हीकडं लिहिली.

११ मे

सरांशी वाद. ते म्हणाले, अकर्मक क्रियापदाला फासावर चढवू नका. दंगलीच्या बातमीत आपण ‘दोन गट’ लिहितो, समाजांची नावं देत नाही. मथळा भडकावणारा नसावा असं प्रेस कौन्सिलचे आचारनियमही सांगतात. तिथं कर्ता गाळणं ही जबाबदारी असते. मान्य. पण सर, तिथं आम्ही ठरवून गाळतो. बाकी ठिकाणी ठरवतच नाही. ‘हेच लिहा मग,’ म्हणाले. प्रकरण तिसरं तिथंच उभं राहिलं.

तोलून पाहण्यासारखे काही शब्द उरलेत : धग लांबून लागते, झळ वाऱ्याबरोबर येते, चटका टेकल्यावर बसतो. जुने उपसंपादक हा फरक पाळायचे. दुष्काळाची धग, संपाची झळ, दरवाढीचा चटका. आता तिन्ही एकाच डब्यात.

२५ मे

नवतपा लागला. सूर्य आग ओकतोय (माझी बातमी, तिसरं पान). दुकानाचं शटर दुपारी हातानं उघडता येत नाही, फडकं लागतं. आज यापेक्षा जास्त लिहिणं होणार नाही.

३१ मे

तालुक्यातल्या एका गावची ग्रामसभा. तीन नंबरच्या वॉर्डात बारा दिवस नळाला पाणी नाही. बायका रिकाम्या गुंडा (पाण्याची भांडी) घेऊन ओसरीवर बसलेल्या. दीड तास ऐकलं. या वेळी स्वतः उठून टाकीपर्यंत चालत गेलो. टाकीत पाणी आहे. वॉर्डाकडं जाणाऱ्या वॉल्व्हला चावी लागते, आणि ती चावी उपसरपंचांनी महिनाभरापूर्वी शिपायाकडून घेऊन घरी ठेवली आहे. त्यांनीही हे नाकारलं नाही. ‘पानी वाया जाते म्हून ठेवली,’ म्हणाले.

रात्री बातमी लिहिली. पहिलं वाक्य : ‘उपसरपंचांनी वॉल्व्हची चावी स्वतःकडे ठेवल्याने वॉर्ड तीनमध्ये बारा दिवसांपासून पाणीपुरवठा बंद आहे.’ कर्ता, कर्म, क्रियापद. मोठीला वाचून दाखवलं. तिनं मान डोलावली.

१ जून

सकाळी पेपर आला. बातमी सगळी छापली आहे, एक ओळही कापली नाही. वर तीन कॉलमी मथळा, उद्गारचिन्हासकट : ‘पाणी पेटलं!’

आजीला वाचून दाखवलं. तिनं चष्मा पुसला, परत लावला. ‘पानी पेटते काय रे?’

कात्रण कापून पुढच्या बाजूला चिकटवलं, ‘पेटला’च्या पानावर; जागा नव्हती म्हणून थोडं बाहेर लोंबतंय. दुपारी त्या गावच्या एका वहिनीचा फोन आला. फोटो चांगला आलाय म्हणाल्या, सगळ्या बायका दिसतात. मी चावीचं विचारलं.

‘खुंटीलेच हाय,’ म्हणाल्या.